दुःख विचारायला

चेन्नईबाहेर, पूनमल्लीच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता तिथे कंपनीच्या बसने खड्डा घेतला, आणि विद्युलताच्या हातातला मोबाईल उडून सीटखाली गेला. फोनवर कीर्ती बोलतच होती. कीर्ती म्हणजे तिची नाशिकची धाकटी बहीण. ती एकदा सुरू झाली की पलीकडचा माणूस उठून गेला तरी तिला पत्ता लागायचा नाही. विद्युलता वाकून पायांशी चाचपू लागली, तेवढ्यात मागच्या सीटवरून एक सुरकुतलेला हात पुढे आला. हातात फोन होता. "घ्या बाई," मागून आवाज आला. "काई लागलं नाही अहे त्याला. तुमची भैण अझूं बोलतेच की."

तिने फोन घेतला, सवयीने इंग्रजीत थँक्यू सर म्हटलं, फोन कानाला लावला आणि मग कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. म्हातारा मराठीत बोलला होता. मुंबईला चार वर्षं नोकरी करून आलेले लोक दोन वाक्यं फेकतात तशी ती मराठी नव्हती. जरा वाकडी होती, जुन्या वळणाची होती, पण घरातली होती. आणि बहीण! ही बहीण आहे हे त्याला कसं कळलं? कीर्ती विचारत होती, "अगं, ऐकतेयस ना? काय म्हटलं मी?" विद्युलताने फोन बंद केला. मागे वळून बघण्याचं धाडस तिला झालं नाही. मानेचा मागचा भाग तापल्यासारखा झाला. इतके महिने त्या मानेमागे दोन कान होते आणि ते उघडे होते.

मागे बसायचे ते राव सार. स्टोअर्समधले, निवृत्तीला आलेले, कपाळाला गंधाची बारीक रेघ, मांडीवर पिवळी कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचा डबा. सगळे त्यांना राव सार म्हणायचे म्हणून तीही म्हणायची. राव म्हणजे तेलुगू, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. इथे नावाचं एक अक्षर पुढे लावायचं आणि बाकीचं गिळून टाकायचं, अशी पद्धत. कंपनीच्या कॉम्प्युटरवर ते जे. राव होते. विद्युलता आयटी विभागात होती. कोण कुठल्या साइटवर जातं, कोण कामाच्या वेळात क्रिकेट बघतं, कोणाचं ऑर्कुट बंद करायचं, हे सगळं तिच्या पडद्यावरून वाहत जायचं. जे. राव काय बघतात हेसुद्धा तिला ठाऊक होतं: रेल्वेचं वेळापत्रक आणि तंजावरचं हवामान. तंजावर हा शब्द तिने बहुधा अनेकदा वाचला होता. शाळेच्या इतिहासातही वाचला होता. तिथे आपले लोक गेले होते, हे तिने परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण ते लोक तिथेच राहिले असतील, त्यांना मुलं झाली असतील, त्या मुलांची मुलं श्रीपेरुंबुदूरच्या बसमध्ये आपल्या मागे बसत असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. परीक्षेत विचारलं नव्हतं ना.

चेन्नईत पहिल्या वर्षी तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच, की इथे मराठी म्हणजे आपली बंद खोली. उमाकांत आणि ती टी. नगरला खरेदीला जायची तेव्हा दुकानदारासमोरच त्याच्या पोटाबद्दल, मिशीबद्दल, त्याने सांगितलेल्या भावाबद्दल खुशाल बोलायची. दुकानदार हसायचा, तीही हसायची. उमाकांत तेव्हा हसायचा. गर्दीत उभं राहून त्याने तिला अशा काही गोष्टी ऐकवल्या होत्या की नाशिकला दारं लावूनही ऐकवल्या नसत्या. मग त्याची नोकरी गेली. मंदी आली, सॉफ्टवेअर कंपन्यांनी माणसं झटकली, त्यात हा झटकला गेला. त्या दिवसापासून कोडंबाक्कमच्या दोन खोल्यांत मराठी बोलायची बंद झाली आणि बोलायला जागा म्हणून ही बस उरली. घरी भिंती पातळ आणि नवरा दिवसभर घरात. ऑफिसात सगळीकडे कॅमेरे. त्यातले निम्मे तिनेच जोडून घेतले होते. राहता राहिली बस. चाळीस माणसं, मोठ्याने लावलेली तमिळ गाणी आणि त्यात ती एकटी. तिच्याइतका एकांत अख्ख्या शहरात कोणाला नव्हता.

पुढच्या सीटवर उपेंद्रचं रोजचं चाललं होतं. हा नेल्लूरचा, क्वालिटी विभागातला. आधी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता आणि तिथली शिस्त कशी वेगळी, हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की बसच्या ड्रायव्हरलाही पाठ असेल. जगात असा विषय नव्हता ज्यावर उपेंद्रचं मत नव्हतं. मुंबईच्या हल्ल्यानंतर सायबर कॅफेत ओळखपत्र मागतात ते बरोबर. कॅमेऱ्याचे मोबाईल बायकांच्या हातात द्यावेत की नाही, याचा विचार व्हावा. पस्तिशीतले पुरुष कॉम्प्युटरवर तलवारी फिरवत बसतात त्यांना धरून खऱ्या सैन्यात घालावं. आज फोन ऐकण्यावर गाडी आली होती. "ऐकू दे की सरकारला माझा फोन," तो इंग्रजीत म्हणत होता, "बायको विचारते दूध आणू का, मी म्हणतो आण. बसा ऐकत." सगळे हसले. एरवी विद्युलताही हसली असती. कॅंटीनमध्ये स्टोअर्सच्या एका मुलीने तक्रार केली होती की आमची मेल तुम्ही लोक वाचता, तेव्हा विद्युलतानेच तिला मोठ्या शहाण्यासारखं सांगितलं होतं, की लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला? ती मुलगी गप्प बसली. ती का गप्प बसली असेल, असा विचार विद्युलताला आज प्रथमच शिवला, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. पडद्यावर लोकांची पावलं उमटत होती आणि ती स्वतःची पावलं शोधत होती. काय काय बोललो आपण त्या बसमध्ये? सासूच्या चिकटपणाबद्दल बोललो. साहेबाच्या घामाबद्दल बोललो. उमाकांत दोन दोन दिवस दाढी करत नाही, अंघोळ टाळतो, हेही बोललो. आणि एकदा, तिने ओठ चावला, एकदा आपण म्हणालो होतो की मागे एक म्हातारा बसतो, त्याच्या डब्यातल्या हिंगाने सकाळी सकाळी पोटात ढवळतं. तेव्हा ढवळण्याचं कारण हिंग नव्हतं, ते तिला पुढे कळलं. पण त्यानंतरच्या आठवड्यापासून ती पिवळी पिशवी मांडीवरून वरच्या फळीवर गेली होती, अगदी टोकाला, मागच्या काचेजवळ. तिने ते पाहिलं होतं. बरं झालं, एवढंच वाटलं होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून कीर्तीकडे कुरकूर केली तेव्हा मागून कोणीतरी पडदा ओढला होता. आणि दुकानांवर आडीच्या, म्हणजे इथल्या आषाढाच्या, सेलच्या पाट्या लागल्या होत्या त्या दिवसांत एका सकाळी तिची नेहमीची सीट गेली होती, तेव्हा पोरूरच्या आधीच राव सार खिडकीजवळून उठून तिला जागा देऊन दांड्याला धरून उभे राहिले होते. ती बसली होती. साधं वळून बघितलंही नव्हतं. तिला त्या दिवशी कोणाकडेच बघवत नव्हतं.

ती सकाळ तिला नको होती, पण आता ती टळण्यासारखी नव्हती. आदल्या दिवशी ती अर्ध्या रजेवर वडपळनीच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये गेली होती. डॉक्टरीणबाईने नवरा कुठे असं विचारलं, तिने गावाला गेलेत म्हणून सांगितलं. गाव म्हणजे तिथून रिक्षाने दोन वळणांवरचं घर. दुपारी ती घरी आली तेव्हा उमाकांत हेडफोन लावून बसला होता, पडद्यावरच्या खेळात किल्ल्याच्या दारात मारामारी चालली होती आणि तो खेळातल्या पोलंडच्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलत हसत होता. तिने भिंतीला टेकून चप्पल काढली. एक कान उघडा करून तो म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, ॲसिडिटी." त्याने कान झाकला. तिने त्याला विचारलं नव्हतं. दिवस गेलेत हे सांगितलंही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी न झालेली गोष्ट झाली होती आणि तिने ती एकटीने मिटवली होती. ती काही दुष्ट नव्हती. ती थकली होती. ज्या खोलीत एक माणूस पोलंडमधल्या परक्यांशी हसतो आणि बायकोला काय झालं हे एका कानाने विचारतो, त्या खोलीत मूल आणून ठेवायचं कुठे, हे तिला दिसेना. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कीर्तीने हळूच विचारलं, तेव्हा ती काचेला कपाळ टेकून एकच शब्द म्हणाली. "गेलं." कीर्तीला सगळं माहीत होतं, तिला तेवढं पुरलं. खरा शब्द दुसरा होता. तो रिकाम्या बसमध्येही तिच्या तोंडातून आला नसता. म्हणून तिने 'गेलं' म्हटलं. जणू ते आपणहून चपला घालून निघून गेलं, आणि हिचा त्यात काही हात नव्हता.

पुढे एका संध्याकाळी उमाकांत खाली दूध आणायला गेला असताना तिने त्याचा कॉम्प्युटर उघडला. ते तिला जमत होतं, तिचं कामच ते. खेळातल्या गप्पांमध्ये त्याने त्या पोलंडच्या माणसाला लिहिलं होतं की माझी नोकरी गेली आहे आणि मला रात्री रडू येतं, बायकोला माहीत नाही. तिला माहीत नव्हतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, आम्हाला मूल नाही. झालं असतं तर मी हा खेळ सोडून माणसात आलो असतो. तारीख आडीनंतरची होती. म्हणजे लिहायला तो आणि वाचायला ती, दोघंही उशिरा पोचली होती, आणि ती पोचलीच नसती तर बरं झालं असतं. तिने सगळं होतं तसं बंद केलं. दूध घेऊन तो आला, तिने चहा केला, दोघं प्यायली. त्या दिवसापासून आपलं हे त्याला कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिने जगायला धरून ठेवली होती. नवरा म्हणून तो उरला नसेल, पण माणूस म्हणून तो ज्या बारीक दोऱ्यावर लोंबकळत होता तो तिने बघितला होता. हे कळलं तर तो दोरा राहायचा नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये ती सरळ जाऊन राव सारांच्या शेजारी बसली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. गाणी मोठी होती, बाहेर मार्गळीतला, डिसेंबरचा, लवकरचा अंधार पडत होता. "तुम्ही मराठी बोलता हे कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तक्रार आली.

राव सार ओशाळले. "कोणी विचारलं नाही की. आम्ही तंजावरचे, बाई. मी जनकोजी. घरांत अस्के, सगळे, मराठीच, म्हणजे मी आणि बायको. पोरांना तमिळच बरं वाटतं." ते थांबले. "तुमची मराठी फार जलद. पैलें कळेना. मग हळूं हळूं कान बसला. तुम्ही फोनवर बोलतां, मी मागं ऐकत बसतों. आई गेल्यावर इतकं मराठी ऐकलों नाही मी. चोरी जाली ती. पण सोडवेना."

त्यांच्यावर रागवावं म्हणून ती आली होती, आणि राग करायला जागाच राहिली नाही. "सगळं ऐकलंत?"

"कळलं तितकं." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "पैलें लेकरूं होणार म्हणट्लांत भैणीला, मग त्या दिवशी गेलं म्हणट्लांत. घरीं जाऊन जेवलों नाही. हेमावती, म्हणजे माझी बायको, ती पण नाही. तुमचं दुःख विचारायला यायला पाह्यजे होतं, बाई. पण ओळख नाही. ओळख नसतां कसं विचारायचं? आज फोन पडला. आतां ओळख जाली. आतां आलों नाही तर पाप."

दुःख विचारायला. तिच्या भाषेत समाचाराला म्हणतात. हे दोन शब्द इतके उघडे होते की तिला एकदम रडू आलं. कोणी विचारलंच नव्हतं. कीर्तीनेसुद्धा मोकळी झालीस एवढंच म्हटलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला घरी बसलेला उमाकांत आठवला. "नको," ती म्हणाली. "सर, प्लीज, घरी नका येऊ. आता खूप दिवस झाले."

"दिवस जाले म्हणून दुःख जुनं होतं की?"

"तसं नाही. माझे मिस्टर... त्यांना त्रास होईल."

"तेंच तर," जनकोजी कळवळून म्हणाले. "बाईस अस्के विचारतात. पुरुषास कोण विचारतं? आमचं पण एक गेलं, तंजावरांत असतां. लोक आले, हेमावतीजवळ बसले, मला कोणी विचारलं नाही. मी अंगणांत उभा. त्यांनाच आधीं विचारायला पाह्यजे."

आता खरं सांगायचं तर तो दुसरा शब्द उच्चारायला हवा होता, आणि ज्या माणसाने तिच्या गेलेल्या लेकरासाठी जेवण सोडलं त्याच्या तोंडावर उच्चारायला हवा होता. तिची जीभ उचलेना. ती फक्त मान हलवत राहिली आणि ते तिची समजूत काढत राहिले. पत्ता त्यांना सांगावा लागला नाही. पॉवर हाऊसच्या मागची गल्ली, पिवळी बिल्डिंग, वरचा मजला. कुरिअरवाल्याला ती फोनवर ओरडून ओरडून सांगायची, अर्ध्या बसला पाठ असणार. वळसरवाक्कम आलं. जनकोजी उठले. रोज उतरताना ते ड्रायव्हरला "वरेन" म्हणायचे. वरेन म्हणजे येतो. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे इथेही आपल्यासारखंच, म्हणून पहिल्या महिन्यात तिला बरं वाटलं होतं. आज ते तिच्याकडे वळून म्हणाले, "येतों, बाई. रविवारीं येतों."

त्या 'येतों'वरून तिला उमाकांतची एक गोष्ट आठवली, लग्नानंतरच्या दिवसांतली. तो लहान असताना जळगावला शेजारचे आजोबा वारले, आई त्याला समाचाराला घेऊन गेली, आणि निघताना या शहाण्याने सगळ्या बायकांत खणखणीत आवाजात सांगितलं, "येतो हं काकू!" जिन्यावर आईने कान असा पिळला की दोन दिवस लाल. दुःखाच्या घरून येतो म्हणत नाहीत रे, पुन्हा तशाच कारणाने यायला लागू नये म्हणून उठायचं आणि गुपचूप निघायचं. हे सांगताना तो नक्कल करून हसवायचा आणि शेवटी म्हणायचा, मला अजून कोणी न सांगता उठून गेलं की धडकी भरते. तिचे वडील गेले तेव्हा तो दारात उभा होता. लोक एकेक करून चपला घालत होते, कोणी काही बोलत नव्हतं, आणि त्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तोच हा उमाकांत. तोच हात आता दिवसभर माऊसवर असायचा.

रविवारी तिने सकाळपासून त्याला घराबाहेर काढायचा खटाटोप केला. समुद्रावर जाऊ म्हटलं, तो म्हणाला ऊन आहे. सिनेमाला जाऊ म्हटलं, तो म्हणाला तमिळ कोणाला कळतंय. तू एकटाच जरा फिरून ये म्हटल्यावर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोणी येणार आहे का?" ती म्हणाली, "ऑफिसमधले एक काका-काकू. इकडचे मराठी लोक आहेत. सहज." "मग येऊ देत की," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. दुपारी त्याच्या लोकांचा मोठा हल्ला ठरला होता, पोलंडवाला आणि आणखी कोण कोण येणार होते. त्याने हेडफोन चढवले. निदान ते तरी बरं, असं तिला वाटलं. ज्या हेडफोनचा तिने वर्षभर राग राग केला होता त्यांच्यावरच आता तिची सगळी भिस्त होती.

ते ऊन उतरल्यावर आले. हेमावतीबाई लहान चणीच्या, सुती साडीतल्या. रविवारची संध्याकाळ असून केसांत फूल नव्हतं. हातात फळं नव्हती, पिशवी नव्हती; रिकाम्या हातांनी आली होती दोघं. विद्युलताने या या म्हटलं, तिचा आवाज तिलाच परका वाटला. उमाकांतने खुर्चीतून अर्धवट वळून नमस्कार केला, "बसा हं, जरा हे संपवतो," म्हणाला आणि परत पडद्याकडे वळला. ती बाईंना आतल्या खोलीत नेऊ लागली, पण त्या तिथेच दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या, तिला शेजारी बसवून घेतलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या हातांना कढत ऊब होती. मग अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "पोरी, किती दिवस एकटीच धरून बसलीस?" आणि त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहू लागलं.

विद्युलताला सांगायचं होतं, असं नाही हो, माझ्यासाठी नका रडू, गेलं नाही ते, मीच. तोंड उघडलं आणि हुंदका आला. नर्सिंग होममध्ये आला नव्हता, रिक्षात आला नव्हता, पोलंडवाल्याला लिहिलेलं ते वाचल्यावरही आला नव्हता, तो आता या परक्या बाईच्या खांद्यावर, पदर तोंडात कोंबून, आवाज न करता आला. तिला त्याची लाज वाटली, कारण तो चोरून मिळवलेला होता. आणि सुखही वाटलं. हे दुःख आपलंच होतं, आपल्याच हातचं होतं, तरी ते दुःखच होतं, हे कोणीतरी मान्य केलं होतं. ती रडत होती आणि पदराआडून तिचा एक डोळा उमाकांतच्या पाठीवर होता. पाठ हलत नव्हती. हेडफोन कानांवर होते. किल्ल्याच्या दाराशी माणसं पडत होती.

तेवढ्यात जनकोजी उठले. ती उठायला गेली, पण बाईंनी तिचा हात सोडला नाही. जनकोजी खोली ओलांडून उमाकांतच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. आता बोलणार. विद्युलताने डोळे मिटून घेतले. खोलीत फक्त माऊसची टकटक होती. तिने डोळे उघडले तेव्हा म्हाताऱ्याचा हात उमाकांतच्या खांद्यावर होता. बोलायला घेऊन आलेलं सगळं आतच राहिलं होतं. उमाकांतने एक कान उघडा केला, वर पाहिलं, गोंधळून हसला. "गेम आहे, अंकल. असंच, टाइमपास." जनकोजींनी मान हलवली. खांद्यावर दोनदा थोपटलं. एवढंच. विद्युलताच्या छातीतून श्वास असा सुटला की तिला हसू येईल की काय वाटलं. वाचलो. भल्या माणसाला शब्द फुटला नाही आणि आपण वाचलो. ती डोळे पुसून कॉफी करायला उठली. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. थोडी तरी, ती म्हणाली. त्या नकोच म्हणाल्या आणि उठल्या. जनकोजींनी दाराशी चपला घातल्या. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग दोघं वळली, आणि जिना उतरून गेली. खाली गल्लीत त्यांची पावलं थोडा वेळ ऐकू आली.

ती दार लावून वळली. उमाकांतने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. त्यातून बारीक आवाज येत होते, कोणीतरी त्याला त्याच्या खेळातल्या नावाने हाका मारत होतं. पडद्यावर त्याचा माणूस किल्ल्याच्या दारात नुसता उभा होता आणि बाकीचे त्याच्या अंगावरून पुढे पळत होते.

"कॉफी नाही घेतली त्यांनी," तो म्हणाला.

"नको म्हणाले."

"त्या काकू रडत होत्या का?"

"त्यांचं काहीतरी... त्यांचं जुनं आहे काहीतरी." ती सतरंजी झटकू लागली. सतरंजीवर झटकण्यासारखं काही नव्हतं.

तो दाराकडे बघत होता. तिच्याकडे त्याने बघितलं नाही. जळगावच्या त्या जिन्यावर पिळला गेलेला कान त्याने नकळत दोन बोटांत धरला होता. "विद्या," तो म्हणाला. कितीतरी दिवसांत त्याने तिला अशी हाक मारली नव्हती. "ते येतो म्हणाले नाहीत."

तिच्या हातातली सतरंजी थांबली.

"आपल्याकडे कोण गेलं?" त्याने विचारलं.